मारिओचे जुने गेम: सुरुवात कोणत्यापासून करावी?

१९८५ ते १९९५ या दहा वर्षांत निन्टेंडोने टीव्हीवर खेळायचे मारिओचे पाच मोठे गेम काढले. निन्टेंडो स्विच ऑनलाइनच्या वर्गणीत ते पाचही मिळतात, त्यामुळे आता प्रश्न उरतो तो फक्त सुरुवात कुठून करायची एवढाच. याचं उत्तर बहुतेक जण ग्राफिक्स, लेव्हल्सची संख्या किंवा लपलेल्या वाटा पाहून देतात. मला ते पटत नाही. या मालिकेत तुम्ही तासन्‌तास मुख्यतः एकच गोष्ट करणार आहात: उडी मारणार आहात. ती उडी प्रत्येक गेममध्ये वेगळी आहे, आणि तुमच्या हाताला कोणती मानवते ते पाहूनच निवड करावी.

'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) मधली उडी धावेवर अवलंबून आहे. बी बटण दाबून धावलात की उडी जास्त उंच आणि लांब जाते, आणि ए बटण जितका वेळ दाबून ठेवाल तितका मारिओ वर चढतो. पण एकदा पाय जमिनीवरून सुटले की हवेत सावरायला वाव फार कमी. उतरल्यावरही तो लगेच थांबत नाही, थोडा घसरतो. शिवाय स्क्रीन फक्त पुढे सरकते. मागे राहिलेलं नाणं कायमचं गेलं. सगळा खेळ आठ जगांचा, प्रत्येकात चार लेव्हल्स, म्हणजे एकूण ३२. सेव्ह करायची सोय मूळ गेममध्ये नव्हती, म्हणून एका बैठकीत संपवणारे जाणकार १-२ (पहिल्या जगातली दुसरी लेव्हल) आणि ४-२ मधल्या वॉर्प झोनचा, म्हणजे थेट पुढच्या जगांत नेणाऱ्या चोरवाटांचा, आधार घेतात.

गेमचे रचनाकार शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी पहिल्याच लेव्हलमध्ये एक शब्दही न लिहिता कसं शिकवलंय ते बघण्यासारखं आहे. समोरून गूम्बा नावाचा शत्रू येतो, वर प्रश्नचिन्हाचा ठोकळा असतो, त्यातून निघालेला मशरूम पाइपला आपटून तुमच्याकडेच परत येतो. पळून जायचं म्हटलं तरी तो बहुधा तुम्हाला गाठतोच, आणि मशरूम चांगला असतो हे तुम्हाला कळतं. तरीही नवख्याने इथून सुरुवात करावी असं मी म्हणणार नाही. आठव्या जगातल्या उड्या इतक्या नेमक्या आहेत की हात बसलेला नसेल तर नुसता वैताग येतो.

'सुपर मारिओ ब्रदर्स २' (१९८८) हा मुळात मारिओचा गेम नव्हताच. जपानमध्ये १९८७ साली आलेल्या 'युमे कोजो: डोकी डोकी पॅनिक'मधली पात्रं बदलून तो बाकीच्या जगासाठी तयार केला गेला. म्हणून इथला मूळ नियमच निराळा आहे: शत्रूच्या डोक्यावर उडी मारली तर तो मरत नाही, तुम्ही त्याच्यावर उभे राहता. मग त्याला उचलायचं आणि दुसऱ्यावर फेकायचं. प्रत्येक लेव्हलआधी चौघांतून एक निवडता येतो. लुइजी सर्वांत उंच उडतो, टोड उडीत कच्चा पण वस्तू झपाट्याने उपटतो, राजकन्या काही क्षण हवेत तरंगते, आणि मारिओ सगळ्यांत मधला. खाली बसून थोडं थांबलं की पुढची उडी जास्त उंच जाते, हेही इथेच. मला हा गेम आवडतो. पण मालिकेची सवय लावून घ्यायची असेल तर इथे सुरुवात करू नका, कारण इथे शिकलेलं पुढे फारसं उपयोगी पडत नाही.

खरी चुरस आहे ती 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' आणि 'सुपर मारिओ वर्ल्ड' यांच्यात.

तिसरा गेम जपानमध्ये १९८८ साली आणि उत्तर अमेरिकेत १९९० साली आला. पहिल्यातली उडी इथे अधिक आज्ञाधारक झाली आहे: हवेत वळता येतं, पाय लवकर थांबतात. त्यात भर पडली शेपटीची. पान मिळालं की मारिओला शेपूट फुटते. खालचा मीटर भरेपर्यंत धावलात तर तो उडतो, आणि खाली येताना बटण पुन्हा पुन्हा दाबलं तर हळू उतरतो. म्हणजे चुकलेली उडी हवेत दुरुस्त करायची एक संधी मिळते.

लेव्हल्स आखूड आहेत, आणि बहुतेकींत एकच कल्पना पुरती पिळून घेतली आहे. वाळवंटात सूर्यच चिडून अंगावर येतो. चौथ्या जगात शत्रू आणि ठोकळे अवाढव्य होतात. ५-३ मध्ये एक बूट मिळतो, त्यात बसून काट्यांवरूनही उड्या मारत जाता येतं, आणि तो बूट संपूर्ण गेममध्ये पुन्हा कधीच दिसत नाही. इतकी सुंदर कल्पना एकाच लेव्हलवर उधळायची, हा दिलदारपणा मला पुढच्या कुठल्याच मारिओत या प्रमाणात दिसला नाही. १-३ मध्ये पांढऱ्या ठोकळ्यावर खाली दाबून बसून राहा, मारिओ देखाव्याच्या मागे जातो आणि तिथून जादूच्या शिटीकडे, म्हणजे जगं ओलांडून नेणाऱ्या वस्तूकडे, वाट निघते. अडचणी दोन. आपोआप सरकणाऱ्या लेव्हल्स, विशेषतः उडत्या जहाजांच्या, संयम बघतात. आणि इतका मोठा गेम असूनही मूळ आवृत्तीत सेव्ह नाही.

'सुपर मारिओ वर्ल्ड' १९९० साली जपानमध्ये नव्या सुपर फॅमिकॉम या कन्सोलसोबत आला. इथे साध्या उडीच्या जोडीला गिरकी घेत मारायची उडी आहे. तिच्यामुळे काटेरी शत्रूंवर आणि फिरत्या करवतींवरही पाय ठेवून परत वर उसळता येतं. योशी हा डायनासोर पाठीशी असला तर, म्हणजे तुम्ही त्याच्या पाठीवर असलात तर, एक धक्का तो सोसतो आणि पळत सुटतो. गाठलात तर पुन्हा बसा. वरच्या चौकटीत एक वस्तू राखीव राहते आणि मार बसला की खाली पडते. वाडा किंवा भुताचं घर पार केलं की सेव्हही होतं. पडणाऱ्याला इतक्या बाजूंनी सावरणारा गेम त्याआधी या मालिकेत नव्हता.

मोठेपणा मात्र नकाशात आहे. एकूण ९६ निर्गम, म्हणजे लेव्हल संपवून बाहेर पडायच्या वाटा, काही लेव्हल्सना दोन, आणि लाल टिंब दिसलं की समजायचं, इथून आणखी एक वाट आहे. कोजी कोंडो यांचं संगीतही बारकाईने ऐका: जमिनीवर, पाण्याखाली आणि भुयारात एकच सुरावट वेगवेगळ्या रूपांत येते, आणि योशीवर बसताक्षणी तिच्यात तालवाद्यं मिसळतात. उणीव म्हणाल तर केप, म्हणजे घालून उडता येतं ती झूल. ती एकदा हातात बसली की कित्येक लेव्हल्स वरून उडत ओलांडता येतात, आणि खाली मेहनतीने रचलेलं सगळं न बघताच राहून जातं.

'योशीज आयलंड' (१९९५) या निवडीत मी धरत नाही. फडफडत लांबवायची उडी, अंड्यांचा नेम, वेळेची मर्यादा नाही, प्रत्येक लेव्हलला १०० पैकी गुण: गेम उत्तम आहे, पण ती उडी योशीची आहे, मारिओची नाही.

तर निर्णय. प्लॅटफॉर्म गेम, म्हणजे असा उड्या मारत पुढे जायचा गेम, कधीच खेळला नसाल तर 'वर्ल्ड' घ्या, आणि पहिल्या खेपेला केपऐवजी योशी वापरा. हात थोडाफार बसलेला असेल, किंवा रोज जेमतेम अर्धा तास मिळत असेल, तर तिसरा. मला विचाराल तर पाचांत श्रेष्ठ तोच. पहिला त्यानंतर खेळा. तेव्हा त्याचा कडकपणा जाचत नाही, उलट किती थोडक्या साधनांत किती केलंय ते कळतं.

पहिला आणि तिसरा १९९३ च्या 'सुपर मारिओ ऑल-स्टार्स'मध्येही आहेत, नव्या चित्रांसह आणि सेव्हसह. तिसऱ्यासाठी ती आवृत्ती बिनधास्त घ्या. पहिल्यासाठी नको: तिथे वीट फोडल्यावर मारिओ खाली न येता वरच जात राहतो, आणि ज्या उडीसाठी हा गेम खेळायचा तीच बिघडते. त्याच संचात 'द लॉस्ट लेव्हल्स' आहे, म्हणजे १९८६ चा जपानी दुसरा भाग. त्यात विषारी मशरूम आहेत, उडी भरकटवणारा वारा आहे आणि मागच्या जगात नेणारे वॉर्प आहेत. पहिला गेम वॉर्पशिवाय संपवल्याखेरीज त्याला हात लावू नका.