गाणी भाड्याने घ्यायची की विकत?

भाचीला पहिला पगार मिळाला आणि तिने विचारलं, मामा, गाण्यांसाठी महिन्याला दोनशे रुपये बाजूला काढलेत, अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन घेऊ का अल्बम विकत घेऊ? फोनवर नीट सांगता येईना म्हणून इथे लिहितोय.

सबस्क्रिप्शनमध्ये जगभरचं संगीत मिळतं, जाहिराती नाहीत, नवीन काही शोधायचं असेल तर याला तोड नाही. पण ते भाडं आहे गं. ऑफलाईन 'डाउनलोड' केलेलं गाणं त्या अ‍ॅपमध्येच वाजतं आणि पैसे भरताय तोवरच. अ‍ॅपं बंदही पडतात, 2024 च्या जानेवारीत रेसो भारतात बंद झालं, त्याच वर्षी विंकही गुंडाळायचं ठरलं. माझीच एक आवडती ठुमरी एका अ‍ॅपवरून एक दिवस गायब झाली, मी पैसे भरत होतो तरी, आणि ती कुठे गेली हे सांगायलाही कुणी नव्हतं, फार वाईट वाटलं तेव्हा.

आणि तुझे पैसे तू ऐकलेल्या गायकाला जातात असं समजू नकोस. बहुतेक ठिकाणी सगळ्यांचे पैसे एकत्र होतात आणि एकूण किती वेळा कोण वाजलं त्या हिशोबाने हक्कदारांना वाटले जातात, म्हणजे तू महिनाभर एकाच बाईंचा ख्याल ऐकलास तरी तुझ्या पैशातला मोठा वाटा हिट गाण्यांकडे जाणार. स्पॉटिफायवर तर 2024 पासून वर्षात 1000 वेळा न वाजलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच नाही.

विकत घेण्यात गाणी कमी मिळतात पण ती तुझी असतात. फ्लिपकार्टने 2012 मध्ये फ्लाइट नावाचं दुकान काढलं होतं, ₹6 पासून गाणं, साधी एमपीथ्री, कॉपी करायला कुठलंही कुलूप नाही. 2013 च्या जूनमध्ये ते बंद झालं, पण ज्यांनी फाईली उतरवून घेतल्या त्यांच्या त्या आजही वाजतात. आता तसं हवं असेल तर बँडकॅम्प ही वेबसाइट बघ, तिथे कलाकार आपली गाणी स्वतः विकतात, डिजिटल विक्रीवर ते साधारण 15 टक्के ठेवतात, पेमेंटचा खर्च वेगळा, उरलेलं कलाकाराला किंवा त्याच्या लेबलला, आणि फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात, फाईल मिळते. मराठी आणि शास्त्रीय तिथे फारच कमी आहे, ही अडचण खरी. सीडी हाही चांगला पर्याय, आत माहितीपत्रक असतं, तबल्यावर कोण होतं ते कळतं, फक्त दुकानं उरली नाहीत, मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊससुद्धा 2016 मध्ये बंद झालं.

तिसरा रस्ता फुकट कॉपीचा, तो तुझे मित्र सुचवतीलच. त्यामागे गाण्यांच्या कंपन्यांवरचा राग आहे आणि तो मला समजतो. अमेरिकेत 1999 मध्ये नॅपस्टर, म्हणजे इंटरनेटवरून एकमेकांची गाणी फुकट उतरवून घ्यायचं सॉफ्टवेअर, आलं तेव्हा एका गाण्यासाठी अख्खी सीडी घ्यावी लागायची, वर 2000 साली तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने पाच मोठ्या कंपन्यांवर ठपका ठेवला की दुकानांच्या जाहिरातीतली किंमत खाली येऊ न देता गिऱ्हाईकांकडून 48 कोटी डॉलरपर्यंत जादा घेतले. नंतर याच धंद्याने ऐकणाऱ्यांवर खटले भरले. 2003 मध्ये अ‍ॅपलने 99 सेंटला सुटं गाणं विकायला काढलं तर लोकांनी आनंदाने घेतलं, म्हणजे लोक पैसे द्यायला तयार होतेच की. पण तोवर नुकसान व्हायचं ते झालं, अमेरिकेतलं रेकॉर्डिंगचं उत्पन्न 1999 मध्ये 14.6 अब्ज डॉलर होतं, 2014 पर्यंत 6.7 अब्जांवर आलं, आणि त्यात फटका फक्त कंपन्यांना नाही, स्टुडिओतल्या वादकांनाही बसला. म्हणून फुकट कॉपी नको.

मी तुझ्या जागी असतो तर वर्षातले तीन-चार महिनेच सबस्क्रिप्शन घेतलं असतं, भरपूर ऐकून जे मनात राहिलं त्याची यादी केली असती, आणि उरलेल्या महिन्यांच्या पैशात त्यातले अल्बम विकत घेतले असते, शक्यतो कलाकाराकडूनच, मैफिलीनंतर टेबलावर सीडी असते ती. फाईल घेतलीस की त्याच दिवशी दुसऱ्या हार्ड डिस्कवरही टाकून ठेव, माझी एक डिस्क गेली तेव्हा सगळंच गेलं होतं.