खोडरबर न मागणारी मुलगी: एका छोट्या कलाधारित शाळेतले आमचे दहा महिने

मुलीला या शाळेत घालून दहा महिने झाले. प्रवेशाआधी मी असाच कुणाचा तरी सविस्तर अनुभव शोधत होते. मिळत होतं ते नुसतं कौतुक, नाहीतर ‘असल्या शाळांत मुलं मागे पडतात’ एवढं एक वाक्य. म्हणून हे नीट लिहून काढतेय. शाळेचं नाव देत नाही. खाली तक्रारीही आहेत, आणि इतक्या लहान शाळेला एक तक्रारसुद्धा जड जाते.

मुलगी आठ वर्षांची, दुसरीत. आधीच्या शाळेत तिचं सगळ्यात जास्त काय संपायचं, तर खोडरबर. फळ्यावरच्या घरासारखं घर आलं नाही की खोड, अक्षर ओळीला टेकलं नाही की खोड, अगदी कागदाला भोक पडेपर्यंत. चित्रकलेचा तास आठवड्यातून एकदा, तोही शेवटचा, आणि परीक्षा जवळ आली की तो गणिताला जायचा. घरी ती चित्र काढेनाशी झाली तेव्हा मी शाळा शोधायला लागले.

ही शाळा कशी उभी राहिली ते पहिल्याच पालकसभेत कळलं. एक प्राथमिक शिक्षिका, एक चित्रकार आणि एक गाणं शिकवणाऱ्या बाई अशा तिघींनी मिळून नऊ मुलं घेऊन एका खोलीत सुरुवात केली. आता पाचवीपर्यंत वर्ग आहेत, तरी सगळी मिळून मुलं सत्तरच्या आतच. त्यांच्यासमोर प्रश्न एकच होता: सहा वर्षांचं मूल गात, नाचत, चिखलात हात घालत शाळेत येतं, मग चौथीपर्यंत हे सगळं जातं कुठे? यावर त्यांनी कलेचे तास वाढवले नाहीत. भाषा, गणित, परिसर हे विषयच चित्र, माती, ताल आणि गोष्ट यांच्यातून शिकवायचे, असं ठरवलं.

नऊ मुलांची शाळा हे ऐकून मला धास्ती वाटली होती. पण शांतिनिकेतनात १९०१ साली रवींद्रनाथांनी शाळा सुरू केली तेव्हा तिथे पाचच विद्यार्थी होते. या वाटेवरच्या शाळा अशाच लहान सुरू होतात. इथे अनेक ठिकाणचं थोडं थोडं घेतलंय. इटलीतल्या रेज्जो एमिलियाच्या बालशाळांत लोरिस मालागुझ्झी यांनी चित्रशाळेला आणि कला शिकलेल्या माणसाला शिक्षकांच्या बरोबरीचं स्थान दिलं. इथल्या चित्रकार बाई तशाच रोज शाळेत असतात. सकाळचा सलग दोन तासांचा मुख्य पाठ वॉल्डॉर्फ शाळांकडून आलाय. ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ श्टायनर यांनी १९१९ मध्ये श्टुटगार्टला एका सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी त्यातली पहिली शाळा काढली. त्या पाठात तीन-चार आठवडे एकच विषय चालतो. श्टायनर यांच्या आत्म्याविषयीच्या आणि सात-सात वर्षांच्या टप्प्यांविषयीच्या कल्पना मला पटत नाहीत, त्यांना विज्ञानाचा आधार नाही. मी हे सभेत उघड विचारलं. ‘आम्ही पाठाची रचना घेतली, तत्त्वज्ञान घेतलं नाही,’ असं उत्तर मिळालं. दहा महिन्यांत मला तरी याच्या उलट काही दिसलेलं नाही. तुम्ही अशी शाळा बघत असाल तर हा प्रश्न जरूर विचारा.

पहिले काही आठवडे फार अवघड गेले. इथे चित्र ओल्या कागदावर काढतात. कागद भिजवून फळीवर पसरायचा, रुंद कुंचला, लाल-पिवळा-निळा एवढेच रंग, आणि पेन्सिलीची बाह्यरेषा नाही. रंग ओल्यात पसरतो, एकमेकांत शिरतो, खोडायची सोयच नाही. ती रोज रडवेली होऊन घरी यायची. बाईंनी तिला समजावणं, शाबासकी देणं असलं काहीच केलं नाही. त्या शेजारी बसून स्वतःचा कागद रंगवत राहायच्या. पाचव्या आठवड्यात ती एक कागद घेऊन आली. पिवळ्यात निळा उतरला होता आणि मध्ये हिरव्याच्या चार-पाच छटा झाल्या होत्या. ‘हे मी केलं नाही, ते झालं. मी थांबले फक्त,’ ती म्हणाली. तो कागद अजून आमच्या कपाटावर चिकटवलेला आहे.

आता गणित, कारण सगळे तेच विचारतात. एका गोल फळीवर दहा खिळे, शून्य ते नऊ. चारचा पाढा म्हणायचा, पण दोरा न्यायचा फक्त एकक स्थानच्या अंकाकडे: शून्यातून चार, आठ, दोन, सहा, पुन्हा शून्य. पाच टोकांची चांदणी तयार होते. मग सहाचा पाढा. संध्याकाळी ती फळी घेऊन धावत आली, ‘आई, सहाचा पाढा चारच्याच चांदणीवरून उलटा चालतो!’ चार आणि सहा मिळून दहा होतात म्हणून असं होतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं तीन आणि सातची जोडी स्वतः शोधली. त्यात दहाही खिळे लागतात. पाचाचा पाढा शून्य आणि पाच यांच्यात नुसत्या येरझाऱ्या घालतो, हे तिला सगळ्यात आवडलं. मी पाढे घोकून शिकले, मला ते चांगले येतात, पण त्यांना आकार असतो हे मला त्या संध्याकाळी कळलं.

पण हेही खरं, की आकार कळला म्हणून पाढा तोंडपाठ होत नाही. सहाव्या महिन्यात साता आठे किती विचारलं तर ती बोटांवर मोजायला लागली. सरावच कमी पडत होता. मी आणि आणखी दोघा पालकांनी हे लावून धरलं, तेव्हा कुठे रोज दहा मिनिटं टाळ्यांच्या ठेक्यावर पाढे सुरू झाले. आता बरीच सुधारणा आहे. हे आमच्या आधी शाळेच्या लक्षात यायला हवं होतं.

सगळ्यात मोठी तक्रार वेगळीच. वर्षाच्या मध्यावर वर्गशिक्षिका सोडून गेल्या. छोट्या शाळेत एका वर्गाला एकच शिक्षिका, तिच्याशी मुलांचं घट्ट नातं, हीच तर खासियत. म्हणून ती गेली की सगळं ढासळतं. पाच आठवडे दुसरी-तिसरी एकत्र बसवली. आम्हाला आदल्या दिवशी संध्याकाळी निरोप. मुलगी आठवडाभर शाळेत जायला तयार नव्हती. नव्या बाई चांगल्या आहेत, पण मुलांना निरोपाची संधीसुद्धा मिळाली नाही याचा मला अजून राग आहे आणि तो मी सभेत बोलून दाखवलाय.

वाचन इथे सावकाश येतं. शेजारची तिच्याच वयाची मुलगी घडाघडा वाचते, ही अजून जोडाक्षराला अडखळते. मात्र ऐकलेली गोष्ट ही क्रम न चुकवता, पात्रांच्या आवाजासकट सांगते. गुणपत्रिका नाही. सत्राच्या शेवटी दोन पानी वर्णन येतं. माझ्या मुलीबद्दल त्यात जे लिहिलं होतं ते इतकं नेमकं होतं की मी दोनदा वाचलं. गणिताबद्दल मात्र सगळं मोघम. काय येतं आणि काय येत नाही हे स्पष्ट लिहून द्या, असं मी सांगितलंय.

शाळा बघायला जाल तेव्हा आधी भिंती बघा. वर्गातल्या मुलांनी काढलेली सगळी घुबडं एकसारखी असतील तर तिथे कला चालत नाही, नक्कल चालते. आणि सकाळच्या एका पाठाला मागे बसू देतात का ते विचारा. आम्हाला बसू दिलं होतं.

आम्ही तिसरीचा अर्ज भरलाय. पाचवीनंतर मोठ्या शाळेत जाताना ही मुलं कशी तयार करणार, याचं पुरेसं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पुढच्या सभेत तोच विषय आहे. परवा दप्तर आवरताना कंपासच्या तळाशी जुनं खोडरबर सापडलं. ‘ठेवू का?’ विचारलं, तर ‘ठेव, गणिताला लागतं कधीकधी,’ म्हणाली आणि रंगाचे हात पुसत बाहेर गेली.