मायणी तलावाकाठचा माझा झूम कॅमेरा

खटाव तालुक्यातील मायणी तलावाच्या काठाने रोज सकाळी फिरताना गेले वर्षभर मी २४ ते २००० मिलिमीटर झूम पल्ल्याचा, सुमारे एक किलो वजनाचा ब्रिज कॅमेरा (लेन्स न बदलता येणारा मोठ्या झूमचा कॅमेरा) वापरत आहे. पक्षी बिथरू नये ही माझी पहिली अट असल्यामुळे, दूर चिखलात चरणाऱ्या हळदीकुंकू बदकाच्या चोचीचे पिवळे टोक आणि तिच्या मुळाशी असलेले लाल ठिपके काठावरूनच स्पष्ट टिपता येतात, हे मला त्याचे सर्वांत मोलाचे वैशिष्ट्य वाटते. मात्र प्रकाश टिपणारा सेन्सर लहान असल्याने अंधुक प्रकाशात आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवताच पिसांचे बारकावे पुसट होतात. शेकाट्या या लांब पायांच्या पाणपक्ष्याची उडतानाची माझी बहुतेक छायाचित्रे वाया गेली. पूर्ण झूमवर हाताचा किंचित कंपही चित्रात उतरतो, म्हणून मोनोपॉड (कॅमेऱ्याचा एकपायी आधार) सोबत हवाच.