शिडी घ्यावी की भूतानची मोजपट्टी?

लोक किती सुखात आहेत हे मोजायला दरडोई उत्पन्नावर भागत नाही हे ज्यांना पटलंय, पण सर्वेक्षणासाठी कोणतं मोजमाप घ्यावं ते ठरत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मानव विकास निर्देशांकावर फार थांबत नाही. १९९० साली अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने तो आला आणि आयुर्मान, शिक्षण उत्पन्नाच्या पंगतीला बसलं. देशादेशांची तुलना हवी असेल तर तो घ्यावाच. माणूस कसा जगतोय हे विचारायचं असेल, तर मात्र पुढचे दोन पर्याय बघा.

पहिला शिडीचा. पायऱ्या ० ते १०, वर तुमच्या मते सर्वांत चांगलं आयुष्य, तळाशी सर्वांत वाईट. आज तुम्ही कुठे? जागतिक आनंद अहवालातली क्रमवारी याच एका प्रश्नावर उभी आहे. वेळ-पैसा कमी असेल तर याला तोड नाही. मीही आधी हाच घेतला होता.

अडलं ते घरातच. अंथरुणाला खिळलेल्या मावशीला विचारलं, तर म्हणाली, "आठ. आता आणखी काय हवं?" तिच्यासाठी रात्री तीन-तीनदा उठणारी वहिनी म्हणाली, "माझंही आठच लिहा, भावोजी." तिने खोटं सांगितलं असं मला वाटत नाही. पण त्या आठात तिचं जागरण कुठेच दिसेना, आणि ते मला फार खुपलं.

भूतानच्या सकल राष्ट्रीय आनंद निर्देशांकात ९ क्षेत्रं आणि ३३ निर्देशक आहेत. झोप मोजतात, कामाचे तास मोजतात, त्यात मुलं सांभाळण्यासारखं बिनपगारी कामही धरतात. प्रत्येक बाबीला 'इतकं पुरे' अशी रेघ आहे. रेघेच्या वरच्या कमाईला जादा गुण नाहीत, त्यामुळे ती अपुऱ्या झोपेची कसर भरून काढू शकत नाही. भारांकानुसार, म्हणजे प्रत्येक बाबीला दिलेलं वजन धरून, ६६ टक्के बाबी पुरेशा असल्या की माणूस सुखी धरतात. नसेल, तर नेमकं कुठे कमी पडतंय तेही उलगडून दिसतं.

प्रश्नावली लांबलचक आहे, लोक कंटाळतात, हे कबूल. झोपेची रेघ ८ तासांवरच का, यावरही वाद घालता येईल. सांस्कृतिक सहभागाचे प्रश्न दुसरीकडे बदलावेच लागतील. तुमची गरज वेगळी असू शकते. तरी शिडीच घेणार असाल, तर निदान वेळेच्या वापराचे प्रश्न तरी भूतानकडून उचला. मी तेच केलं. वहिनीचा आठ तसाच राहिला, शेजारच्या रकान्यात आलं: झोप, ५ तास.