चँडलरमधलं अंगण, लायसन्सवाला कॉन्ट्रॅक्टर आणि १४ महिने

चँडलर, ॲरिझोना. पुढची-मागची लॉन काढून ग्रॅनाइटची खडी, पेव्हरची म्हणजे फरसबंदीच्या ठोकळ्यांची वाट, ठिबक, ५ झाडं आणि २२ झुडपं, एवढं काम. ते ऑक्टोबरात संपलं. मधे एक पूर्ण उन्हाळा आणि एक मान्सून गेला, म्हणून आता लिहिण्यात अर्थ आहे. फिनिक्सच्या आसपासचं लँडस्केपिंग शेवटचा हप्ता देताना सगळ्यांचंच छान दिसतं, पण ते टिकणार की नाही हे जुलैत ११५ फॅरनहाइटला कळतं. कॉन्ट्रॅक्टरचं नाव देत नाही, कारण इथे ज्या चुका सांगतोय त्या या भागात सर्रास होतात.

आधी लायसन्स. ॲरिझोनात मजुरी आणि सामान मिळून काम १,००० डॉलरचं किंवा त्याहून मोठं असेल, किंवा परमिट लागणार असेल, तर रजिस्ट्रार ऑफ कॉन्ट्रॅक्टर्सचं म्हणजे आरओसीचं लायसन्स हवंच. मोठ्या कामाचे ९००-९०० चे तुकडे पाडून ही अट टाळता येत नाही. घराच्या अंगणातली फरसबंदी आणि सिंचन यासाठी आर-२१ किंवा सीआर-२१ हा वर्ग बघा. नुसतं सी-२१ व्यापारी कामांसाठी असतं. हा फरक किरकोळ नाही. कॉन्ट्रॅक्टरने काम बिघडवलं आणि भरपाई दिली नाही, तर घरमालकाला आरओसीच्या रिकव्हरी फंडातून, म्हणजे भरपाईच्या निधीतून, एका घरामागे जास्तीत जास्त ३०,००० डॉलर मिळू शकतात, पण कॉन्ट्रॅक्टरकडे निवासी कामाचं लायसन्स असेल तरच. आरओसीच्या साइटवर नंबर टाकून चार गोष्टी बघा: लायसन्स चालू आहे का, वर्ग कोणता, तक्रारी किती, आणि करारावरचं नाव लायसन्सवरच्या नावाशी अक्षरशः जुळतंय का. ट्रकवर एक नाव, करारावर दुसरं आणि लायसन्स भाच्याचं असा प्रकार दिसला तर तिथेच थांबा.

करार लेखी हवा. त्यात लायसन्स नंबर, कामाचं वर्णन, अंदाजे पूर्ण होण्याची तारीख, एकूण रक्कम आणि ॲडव्हान्स-हप्त्यांचा तपशील असलाच पाहिजे, तसा कायदाच आहे. खरी गोम ‘कामाचं वर्णन’ या शब्दांत आहे. आमच्या करारात ‘ड्रिप सिस्टिम बसवणे’ एवढंच होतं आणि पुढचा सगळा त्रास त्या तीन शब्दांतून आला.

त्याआधी हरळीचं सांगतो, कारण लॉन काढताना बहुतेकांचं इथेच चुकतं. इथली बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच, गणपतीला वाहतो त्याच दूर्वा. वरून दोन इंच खरवडून तिच्यावर खडी टाकली की मेली असं समजणारे कॉन्ट्रॅक्टर खूप आहेत. काशा, म्हणजे तिची जमिनीखालची खोडं, खोल राहतात. ती मारायची तर भर उन्हाळ्यात, हिरवीगार वाढत असताना. पाणी देऊन फुलवायची, ग्लायफोसेट हे तणनाशक मारायचं, आठ-दहा दिवस थांबायचं, परत पाणी द्यायचं, नवे कोंब आले की परत फवारायचं. अशा निदान तीन फेऱ्या. हिवाळ्यात ती तपकिरी होऊन झोपते, तेव्हा औषध काशांपर्यंत पोचतच नाही. आमच्याकडे सप्टेंबरात दोनच फेऱ्या झाल्या. मे महिन्यात पेव्हरच्या कडेने आणि जुन्या स्प्रिंकलरच्या जागी कोंब वर आले आणि अजूनही येतात. शिवाय पैसे घेऊन तणनाशक फवारायला राज्याच्या कृषी खात्याचं वेगळं लायसन्स लागतं, आरओसीचं तिथे चालत नाही. ते आधी विचारा. शहराकडून लॉन काढण्याची सवलत घेणार असाल तर गवताला हात लावण्याआधी अर्ज करा.

खोदण्यापूर्वी ८११ ला, म्हणजे जमिनीखालच्या लाइनी आखून देणाऱ्या सेवेला, फोन करून दोन पूर्ण कामाचे दिवस द्यावे लागतात. ते फक्त कंपन्यांच्या लाइनी रंगाने आखतात. मीटरपासून घरापर्यंतची पाण्याची लाइन, स्विमिंग पूलची वायर, बार्बेक्यूचा गॅस हे आखत नाहीत, ते आपणच दाखवायचं.

फरसबंदीला दहापैकी नऊ. चार इंच एबीसी, म्हणजे पायाची बारीक-जाड मिश्र खडी, थराथराने ठोकून, वर एक इंच वाळू, कडेला पट्टी, सांध्यांत पॉलिमरिक सँड, म्हणजे पाणी मारल्यावर घट्ट होणारी वाळू. एकच जागा अर्धा इंच बसली. वाटेखालून ठिबकचा चर गेलाय तिथे माती नीट ठोकली नव्हती आणि पहिल्या मान्सूनच्या पावसात ती खाली गेली. त्याने येऊन उचलून परत बसवून दिलं. वाटेखाली रिकामा पीव्हीसी पाइप आधीच टाकून ठेवायला सांगा, पुढे लाइन वाढवताना वाट उकलावी लागत नाही.

ग्रॅनाइट दोन इंच जाडीने टाकला की एका टनात साधारण ११५ चौरस फूट भरतात. १,४०० चौरस फुटांना १२ टन लागले. चालायच्या जागी पाव इंच मायनस, म्हणजे भुकटीसकटचा, आपल्या मुरमासारखा ठोकून बसणारा. झाडांच्या भागात अर्धा इंच स्क्रीन्ड, म्हणजे चाळलेला. उलट झालं तर झाडांजवळ पाणी मुरत नाही आणि वाटेवर पाय रुततो. भिंतीशी मात्र खडीवर नजर ठेवा. स्टकोच्या, म्हणजे बाहेरच्या भिंतीच्या गिलाव्याच्या, तळाशी धातूची भोकांची पट्टी असते, ती मातीपासून चार इंच वर मोकळी राहिली पाहिजे. खडीने ती बुजली की ओल भिंतीत आणि वाळवी तिच्यामागून. आमच्याकडे एका बाजूला बुजली होती, फावड्याने ओढून काढली.

आता ठिबक. सामान चांगलं होतं: पाणी उलट घराच्या लाइनीत जाऊ न देणारा बॅकफ्लो, फिल्टर, दाब ३० पीएसआयवर ठेवणारा रेग्युलेटर, अर्धा इंची पॉली पाइप. या अर्धा इंची लाइनीला २०० फूट आणि ताशी २०० गॅलन ही मर्यादा धरून चालावं. चूक अशी की एक पॅलो वर्दे सोडून बाकी झाडं आणि झुडपं एकाच व्हॉल्व्हवर. हे कशाला वाईट? झाडाला पाणी तीन फूट खोल जायला हवं, झुडपाला दोन, लहान रोपांना एक. एकाच व्हॉल्व्हवर झाडांपुरतं चालवलं की झुडपं बुडतात, झुडपांपुरतं चालवलं की झाडाची मुळं वरच राहतात. त्यात टायमर लागवडीच्या दिवशी रोज १५ मिनिटांवर लावून गेले तो तसाच. नवीन रोपांना पहिले काही आठवडे हे चालतं, पण नंतर अंतर वाढवत न्यावं लागतं.

जून संपताना लोखंडी सळई घेऊन तपासलं. ओल्या मातीत ती हाताने सरसर जाते आणि कोरडी लागली की अडते. मेस्किट या वाळवंटी झाडाजवळ, पाणी बंद झाल्यावर तासाभराने, सळई नऊ इंचांवर अडली. ऑगस्टातल्या धुळीच्या वादळानंतर तेच झाड वीस अंश कललं. बुंध्याला नर्सरीची काठीही तशीच घट्ट बांधलेली होती, त्यामुळे बुंधा वाऱ्यात हलून जाड झालाच नव्हता. दोष झाडाचा नाही. पॅलो वर्दे या दुसऱ्या वाळवंटी झाडाला वेगळी लाइन होती, ते जागचं हललं नाही.

सप्टेंबरात झाडांसाठी वेगळा व्हॉल्व्ह बसवून घेतला, त्याचे पैसे वेगळे लागले, कारण करारात काही लिहिलेलंच नव्हतं. आता झाडांना ताशी दोन गॅलनचे सहा ड्रिपर, म्हणजे तासाला १२ गॅलन. वेळ किती हे सळई ठरवते. तीन फुटांपर्यंत जाईस्तोवर चालवायचं, मग उन्हाळ्यात दहा-बारा दिवस आणि थंडीत महिनाभर बंद. इथलं पाणी जड आहे. थोडं थोडं रोज दिलं की क्षार मुळांतच साठतात आणि पानांच्या कडा करपतात.

खड्ड्यांबद्दल त्याचं कौतुक. मुळांच्या गोळ्याच्या तिप्पट रुंद, पण खोल गोळ्याएवढाच. मागच्या कोपऱ्यात कलिची, म्हणजे चुनखडीचा सिमेंटसारखा थर लागला. त्याने खड्डा पाण्याने भरून बघितला. चार तासांत चार इंच उतरायला हवं, एक इंचही उतरलं नाही. हॅमरने थर फोडून आरपार वाट केली, तेव्हाच झाड लावलं. घाईत असलेला माणूस हे करत नाही.

सावली लवकर हवी म्हणून अनेकजण सिसू सुचवतात. तो आपल्याकडचा शीशमच. वाढतो झपाट्याने, पण मुळं वरवर पसरून पेव्हर उचलतात. लहान अंगणात नको.

पुढच्या करारासाठी आमचं वर्णन असं तयार आहे: झाडांचा आणि झुडपांचा व्हॉल्व्ह वेगळा, प्रत्येक रोपाला किती ड्रिपर आणि ताशी किती गॅलन, हरळीच्या तीन फेऱ्या, चर ठोकून भरणं, सहा आठवड्यांनी आणि मेमध्ये येऊन टायमर बदलणं, आणि तोवर शेवटचे दहा टक्के रोखून ठेवणं. फरसबंदी आणि लागवड याच माणसाकडून परत करून घेऊ. टायमरला मात्र स्वतःच हात लावू. येत्या फेब्रुवारीत ड्रिपर बुंध्यापासून सरकवून फांद्यांच्या टोकाखाली न्यायचे आहेत, ते काम एका दुपारचं आहे.