एप्रिलचा बर्फ, एकटा स्कीअर, मोजके पैसे: डेन्व्हरजवळच्या पाच डोंगरांचा हिशेब

कोलोरॅडोतल्या डेन्व्हरहून आय-७० महामार्गाला लागलं आणि रस्ता मोकळा मिळाला, तर दोन तासांच्या आत पाच मोठे स्की डोंगर गाठता येतात: लव्हलँड, अरापाहो बेसिन (बोलताना सगळे ए-बेसिनच म्हणतात), कॉपर, ब्रेकेनरिज, आणि एम्पायरपाशी वाट वाकडी केली की विंटर पार्क. मार्चअखेरीपासून मेपर्यंत एकट्याने, हात राखून खर्च करत हे डोंगर करायचे असतील तर पैसा लव्हलँड आणि ए-बेसिनवर लावावा. कॉपरला एखादा दिवस द्यावा. विंटर पार्क मार्चमध्येच, रेल्वेने करावं. ब्रेकेनरिजला मोसमाचा पास आधीपासून हातात असेल तरच जावं.

या निकालामागचं कारण तिकिटाच्या दरापेक्षा बर्फाच्या घड्याळात आहे. जानेवारीत सकाळी नऊपासून चारपर्यंत बर्फ साधारण सारखाच असतो. एप्रिलमध्ये दिवसाचे तीन वेगळे दिवस होतात. रात्री आकाश निरभ्र असलं की वरच्या थरातली उष्णता निघून जाते आणि बर्फ दगडासारखा गोठतो. सकाळी साडेआठला त्यावर स्कीच्या धारा नुसत्या करकरतात, आदल्या दुपारचे खाचखळगे तसेच कडक झालेले असतात आणि गुडघे खिळखिळे होतात. मग ऊन लागतं, वरचे दोन-चार सेंटिमीटर सुटतात आणि साबुदाण्याएवढे ओलसर, मोकळे दाणे तयार होतात. स्कीअर याला कॉर्न म्हणतात. वर मऊ, खाली घट्ट, स्की कुठेही वळवा, वळते. यासारखा सोपा, क्षमाशील बर्फ वर्षभरात दुसरा मिळत नाही. पण दोन-अडीच तासांत पाणी खालच्या थरात उतरतं आणि त्याचा चिखल होतो.

म्हणून वसंतात तिकिटाचा हिशेब तासांवर करायचा. स्वस्त दिसणारं दुपारचं अर्धं तिकीट एप्रिलमधली सर्वांत वाईट खरेदी आहे, कारण ते सुरू होतं तेव्हा चांगला बर्फ संपत आलेला असतो. पूर्ण दिवसाचं तिकीट घ्यावं, साडेनऊ-दहाला पहिली लिफ्ट धरावी आणि दोनच्या आत बूट काढावेत. रात्रभर ढग राहिले असतील तर बर्फ नीट गोठलेलाच नसतो. पार्किंगच्या कडेच्या ढिगावर टाच मारून बघावं. सकाळी आठला टाच सहज रुतली तर त्या दिवशी कॉर्न होणार नाही, सरळ दलदल होईल. तारीख ठरलेलं तिकीट आदल्या दिवशी काढत असाल तर रात्रीच्या ढगांचा अंदाज दिवसाच्या तापमानाइतकाच बघावा.

उताराचं तोंड कुठे आहे हेही पैशांचंच गणित आहे. पूर्वेकडचे उतार आधी सुटतात, मग दक्षिणेचे, शेवटी पश्चिमेचे. उत्तरेकडचे उतार एप्रिलमध्येही बराच काळ हिवाळ्यातच राहतात. एका डोंगरावर ही सगळी तोंडं असतील तर सूर्याच्या मागे-मागे फिरत दोन तासांचा कॉर्न चार तास पुरवता येतो. ए-बेसिनचं मोठेपण इथे आहे.

ए-बेसिनचा पायथाच १०,७८० फुटांवर आणि माथा १३,०५० फुटांवर. १९४६ पासून चालू असलेल्या या डोंगराची पुढची बाजू मुख्यतः उत्तराभिमुख आहे आणि मागचं माँटेझुमा बोल (बोल म्हणजे वाडग्यासारखा खोलगट उतार) दक्षिणेकडे उघडतं. सकाळी मागे जायची घाई करू नये. तिथे कॉर्न तयार व्हायला दहा-साडेदहा होतात. तोवर पुढच्या बाजूच्या, रोलरने दाबलेल्या उतारांवर पाय मोकळे करावेत, मग माँटेझुमात तासभर काढावा आणि ते सैल पडायला लागलं की परत पुढे येऊन पालाव्हिचिनी लिफ्ट धरावी. पालाव्हिचिनीचे उतार उभे आणि उत्तराभिमुख आहेत, त्यामुळे दुपारपर्यंत टिकतात. मात्र सकाळी नऊला तिथे गेलात तर गोठलेल्या मोठमोठ्या गाठींवरून (स्कीअरांच्या वळणांनी बनलेल्या बर्फाच्या उंचवट्यांवरून) उतरावं लागतं आणि एकदा घसरलं की थांबायला जागा नाही. मध्यम तयारीच्या माणसाने एकट्याने हा उतार बर्फ सुटल्याची खात्री झाल्यावरच घ्यावा. लिफ्टमधून खालच्या लोकांच्या स्की ऐका: खरखर ऐकू आली तर अजून थांबा, सळसळ ऐकू आली तर चला.

हा डोंगर बहुतेक वर्षी जूनपर्यंत चालतो. मे उजाडला की माँटेझुमा आधी बंद होतं, उघडे उतार रोज कमी होत जातात, आणि जूनमधलं तिकीट म्हणजे थोडक्या वाटांवर फेऱ्या. त्यासाठी मुद्दाम लांबून येऊ नये. एप्रिलचा मध्य ते मेचा पहिला आठवडा हा इथला सर्वोत्तम काळ. लिफ्टजवळच्या पार्किंगला बीच म्हणतात. वसंतात लोक तिथे खुर्च्या, शेगड्या मांडून बसतात. एकट्याला दिवसभरात बोलायला माणसं मिळतात ती इथेच. घरून डबा आणला तर जेवणाचा खर्चही वाचतो, आणि डोंगरावरच्या कॅन्टीनचे दर पाहता ही बचत लहान नाही.

लव्हलँड डेन्व्हरहून ५३ मैलांवर, आयझेनहॉवर बोगद्याच्या तोंडाशी आहे. बोगदा या स्की क्षेत्राच्या खालूनच जातो. पायथा १०,८०० फूट, माथा १३,०१० फूट. इथे ना हॉटेल, ना दुकानांची गल्ली, आणि कमी खर्चात फिरणाऱ्यासाठी हाच मोठा गुण आहे. गाडीपासून लिफ्ट चालत गाठता येते, तिकीट शेजारच्या बड्या रिसॉर्टांपेक्षा बरंच स्वस्त. मोसमाआधी विकला जाणारा चार दिवसांचा पॅक मिळाला तर तो घ्यावाच. डोंगरावर ठिकठिकाणी छोट्या लाकडी केबिन आहेत. तिथे बसून आपला डबा खाता येतो.

लव्हलँडची उणीव म्हणजे वारा. हे क्षेत्र खंडाच्या जलविभाजक कण्याला पूर्वेकडून टेकलेलं आहे आणि नऊ नंबरची लिफ्ट जवळजवळ १२,७०० फुटांवर त्या कण्यावर जाऊन उतरवते. जोराचा वारा सुटला की तीच आधी बंद होते, आणि ती बंद म्हणजे डोंगराचा निम्मा आनंद बंद. तिकीट काढण्याआधी तापमानापेक्षा कण्यावरच्या वाऱ्याचा अंदाज बघावा. वरचे बोल बव्हंशी पूर्वेकडे तोंड करून असल्याने ऊन इथे लवकर लागतं आणि बर्फही लवकर सुटतो. लव्हलँडचा दिवस थोडा आधी सुरू करून आधी संपवावा. कण्यावर पुढे नेणारी स्नोकॅट गाडी तिकिटातच असते, वेगळे पैसे पडत नाहीत. हवा साथ देत असेल तर ती सोडू नये.

कॉपरची रचना निसर्गानेच शहाणपणाने केली आहे: पश्चिमेला सोपे उतार, मध्ये मध्यम, पूर्वेला अवघड. एकट्या माणसाला, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या मोसमातल्या, याचा फार उपयोग होतो. चुकून आवाक्याबाहेरच्या उतारावर जाण्याचा धोका कमी. पुढची बाजू उत्तरेकडे असल्याने सकाळ मात्र कडक जाते. एप्रिलमध्ये अकराच्या आधी इथे फारसं काही हाती लागत नाही. तिकीट खिडकीवर काढू नये, ऑनलाइन आधी काढलेलं नेहमी स्वस्त पडतं.

ब्रेकेनरिजचं गाव सुंदर आहे, सहा ते दहा क्रमांकांची पाच शिखरं आहेत, आणि २००५ मध्ये सुरू झालेली इम्पीरियल एक्स्प्रेस १२,८४० फुटांवर नेते. उत्तर अमेरिकेतली सर्वांत उंच चेअरलिफ्ट ती हीच. पण ऐन वेळी काढलेल्या एका दिवसाच्या तिकिटात लव्हलँडचा दिवस आणि राहण्याची रात्र, दोन्ही निघू शकतात. शिवाय इम्पीरियलही वाऱ्यात बंद पडते, आणि बंद असली तरी तिकिटाचा दर कमी होत नाही.

विंटर पार्कसाठी डेन्व्हरच्या युनियन स्टेशनवरून हिवाळ्यात अॅमट्रॅकची स्की रेल्वे सुटते. १९२८ मध्ये खुल्या झालेल्या, सहा मैलांहून लांब मॉफॅट बोगद्यातून ती थेट उतारांच्या पायथ्याशी आणून सोडते. भाड्याची गाडी नाही, टायरची चिंता नाही, परतीच्या वाहतूक कोंडीत अडकणं नाही. ही सेवा मार्चअखेरीस संपते, म्हणून सहल मार्चमध्ये असेल तर पहिला दिवस इथे काढावा. विंटर पार्कच्या मेरी जेन या भागातले गाठींचे उतार प्रसिद्ध आहेत. ते उन्हात नरम झाल्यावरच घ्यावेत.

पासच्या बाबतीत बहुतेकांची चूक वेळेची होते. एपिक (ब्रेकेनरिज, कीस्टोन, व्हेल) आणि आयकॉन (कॉपर, विंटर पार्क, ए-बेसिन) हे दोन्ही पास आदल्या वसंतात सर्वांत स्वस्त असतात, पुढे दर चढत जातो आणि डिसेंबरात विक्री बंद होते. मार्चमध्ये जाग आली तर चालू मोसमाचा पास मिळत नाही. चार-पाच दिवसांच्या सहलीला पूर्ण पासची गरजही नसते. दोन्हींकडे मोजक्या दिवसांचे प्रकार आहेत. काही डोंगर पुढच्या मोसमाचा पास घेणाऱ्याला उरलेला वसंत त्यातच देतात. पुढच्या वर्षी परत यायचं नक्की असेल तर एप्रिलमधला सर्वांत फायद्याचा सौदा हाच, फक्त कोणत्या तारखेपासून लागू ते शब्दन् शब्द वाचावं.

मुक्कामासाठी फ्रिस्को किंवा सिल्व्हरथॉर्न. इथून कॉपर, ब्रेकेनरिज आणि ए-बेसिन तिन्ही जवळ पडतात आणि लव्हलँड बोगद्यापलीकडे. डेन्व्हरहून फ्रिस्कोला बस्टँग ही सरकारी बस येते, आणि समिट काउंटीत समिट स्टेजची बस मोफत फिरते. म्हणजे गाडीशिवायही सहल जमते. अडचण एवढीच की एप्रिलमध्ये हिवाळी वेळापत्रक संपून फेऱ्या कमी होतात. ए-बेसिनची फेरी आहे का ते आधी तपासा. गाडी घेतलीच तर १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात आय-७०च्या मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात टायरचा नियम लागू असतो: नक्षी किमान ३/१६ इंच खोल, म्हणजे जवळपास पाच मिलिमीटर, आणि टायर बर्फासाठी चालणारे, नाहीतर साखळ्या जवळ. भाड्याची गाडी ताब्यात घेतानाच टायर बघा, काउंटरवरून निघाल्यावर नव्हे. रविवारी दुपारी पूर्वेकडे परतू नये. एकट्याला सोमवार ते गुरुवार मोकळे ठेवता आले तर राहणं आणि रस्ता दोन्ही हलके होतात.

स्की भाड्याने घ्यायच्या असतील तर लिफ्टच्या पायथ्याशी न घेता डेन्व्हर किंवा सिल्व्हरथॉर्नच्या दुकानातून घ्याव्यात. मधली रुंदी ८५ ते ९५ मिलिमीटर पुरते. दुकानातच नखाची कड स्कीच्या धारेवर आडवी ओढावी. नखाचा बारीक कीस निघाला तर धार आहे, निघाला नाही तर घासून मागा. सकाळच्या कडक बर्फावर बोथट धार म्हणजे पडणं ठरलेलं. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी आणि स्की करण्याची आपली तयारी खरी सांगा. बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) कोणत्या जोरावर सुटेल ते त्यावरच ठरतं.

स्कीच्या तळाचं वॅक्स मात्र उबदार हवेचंच मागा. कोलोरॅडोत याला आणखी एक कारण आहे. वसंतात नैऋत्येच्या वाळवंटी पठारावरून धूळ उडून येते आणि बर्फावर तपकिरी-लालसर थर बसतो. तो ऊन जास्त शोषतो, बर्फ लवकर वितळवतो आणि स्कीला पकडून ठेवतो. पांढऱ्या पट्ट्यावरून वेगात येऊन स्की मातकट पट्ट्यावर गेली की एकदम ब्रेक लागल्यासारखं होतं, शरीर पुढे जातं आणि गुडघ्याचे बंध फाटतात. रंग बदललेला दिसला की वजन थोडं मागे घ्या, गुडघे सैल ठेवा आणि वळण लांब घ्या. रोज रात्री स्कीचा तळ फडक्याने पुसून त्यावर चोळायचं वॅक्स लावलं तर दुसऱ्या दिवशी फरक पहिल्याच सपाट वाटेवर कळतो.

एकट्याने फिरण्याचा एक उघड फायदा: लिफ्टवरची सिंगल, म्हणजे एकट्यांसाठीची वेगळी रांग, जिथे असेल तिथे. बाकी खबरदारी साधी आहे. पहिली रात्र डेन्व्हरला, ५,२८० फुटांवर काढून मग वर जावं. डोकेदुखी आणि मळमळ वाढत गेली तर औषध घेऊन रेटू नये, खाली यावं. स्की पेट्रोलचा (डोंगरावरच्या बचाव पथकाचा) नंबर फोनमध्ये ठेवावा, फोन आतल्या खिशात. उतारावरून जाताना बूट घोट्यापर्यंत रुतायला लागले की तो उतार त्या दिवसापुरता संपला. स्की क्षेत्राच्या हद्दीवरच्या दोरीपलीकडे एकट्याने पाऊल टाकू नये. दुपारी ओला बर्फ थराने सुटतो आणि तिथे खणून काढायला कोणी नसतं. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, म्हणून हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही सनस्क्रीन लावावं.

आणि संध्याकाळी बुटांचे आतले अस्तर बाहेर काढून वाळवा. एप्रिलच्या पाण्याने ते रोज भिजतात, आणि ओल्या अस्तराने दुसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत, ऐन कॉर्नच्या वेळी, पाय बधिर झालेले असतात.