सहा तास, चौघं आणि एक सीट: बाणेरच्या सिम रेसिंग सेंटरचा रिव्ह्यू

आधी मुद्द्याचं सांगतो म्हणजे ज्यांना एवढं वाचायचा कंटाळा आहे ते मोकळे. बाणेरला एका कमर्शियल बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर सिम रेसिंगचं, म्हणजे सिम्युलेटरवर गाडी पळवायचं, सेंटर आहे, नाव लिहीत नाही कारण खाली बऱ्याच तक्रारी पण आहेत आणि मालक पोरगा चांगला आहे, उगाच त्याच्या पोटावर पाय नको. तिथं चौघांची टीम करून सहा तासांची एन्ड्युरन्स रेस, म्हणजे आळीपाळीनं चालवायची लांब पल्ल्याची रेस, लावता येते. माणशी २२०० घेतले, पैसे वसूल झाले. ते अर्ध्या तासाचं ५०० वालं पॅकेज मात्र घेऊ नका, त्यात माणूस नुसता भिंतीला ठोकत बसतो आणि घरी जातो. या खेळाची खरी मजा तिसऱ्या तासानंतर सुरू होते, म्हणजे कंबर बोलायला लागते तेव्हा.

टीम आमची अशी की मी, ऑफिसमधला अमेय, माझा मावसभाऊ सोन्या (वय १९, अंगात सगळी हाडं मांजराची), आणि चौथ्यानं आदल्या रात्री टांग दिली म्हणून अमेयचे वडील. काका ६१ वर्षांचे, बावीस वर्षं ट्रॅव्हल्सची रात्रीची बस चालवली, पुणे-नागपूर. येताना म्हणाले, "मी नुसता बसतो रे, तुमचे पैसे बुडायला नकोत." आम्हाला पण तेच वाटलेलं.

मशीन एक नंबर आहे, त्यात वाद नाही. तीन स्क्रीन, डायरेक्ट ड्राइव्हचं स्टिअरिंग म्हणजे मोटर थेट दांड्याला, कर्बवरून (वळणाच्या कडेची पट्टी) चाक गेलं की मनगटापर्यंत झटका. ब्रेक लोडसेलचा, पेडल किती खाली जातं यावर नाही तर किती जोरात दाबलं यावर चालतो, त्यामुळे पहिल्यांदा बसणाऱ्याला वाटतं पेडल जाम झालंय. मालकानं ले माँचा (फ्रान्समधली चोवीस तासांची रेस) ट्रॅक लावून दिला, एक लॅप १३.६२६ किलोमीटर. जीटी३ गाडी, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारची रेसिंग आवृत्ती. समोर दोन टीम, एक कॉलेजची पोरं आणि एक हिंजवडीचे आयटीवाले, त्यातल्या एकानं तर रेसिंगचे ग्लोव्हज आणि बूट पण घरून आणलेले, म्हटलं झालं आपलं.

आता पहिली तक्रार. सीट पुढंमागं करायचा खटका अडकतो. सोन्या सहा फूट एक, काका पाच फूट तीन, दर वेळी ड्रायव्हर बदलताना दोन जणांनी खटका धरायचा आणि तिसऱ्यानं सीट ढकलायची, घड्याळ चालूच. दोन बदलांनंतर आम्ही नाद सोडला आणि सीट सोन्याच्या मापाला ठेवली. मग काका खाली पार्किंगमध्ये गेले आणि गाडीतून एक उशी घेऊन आले. रेक्झिनची, पाठीच्या आकाराला कापलेला फोम, वर काकूंनी जुन्या साडीची खोळ शिवलेली. ट्रॅव्हल्सच्या दिवसांतली. "दुसरा ड्रायव्हर पंजाबी होता, सव्वासहा फूट, सीट त्याच्या मापाची आणि उशी माझी, आठ वर्षं असंच." ठेवली, बसले, पाय पेडलला बरोबर टेकले.

मी बघतच राहिलो, कारण ले माँला हेच करतात हो! एका गाडीला तीन ड्रायव्हर, तिघांची उंची वेगळी, मग ज्याला गरज आहे त्याचा स्वतःच्या मापाचा फोमचा साचा असतो, पिटमध्ये (टायर-इंधनासाठी थांबायची जागा) गाडी आली की उतरणारा तो उचलून बाहेर, बसणारा आपला टाकून आत. शिवाय उतरलेला ड्रायव्हर लगेच निघून जात नाही, तो वाकून नव्याचे बेल्ट आवळतो, रेडिओची वायर, पाण्याची नळी जोडून देतो. टीव्हीवर ते दोन सेकंद दिसतं आणि कॅमेरा टायरकडे जातो. काकांना हे सांगितलं तर त्यांना काही विशेष वाटलं नाही, "मग काय, वाऱ्यावर सोडून जायचं का त्याला?"

मालकानं नियम लावलेला की एका माणसानं सलग एक तासाच्या वर चालवायचं नाही. सोन्या त्यावर हुज्जत घालत होता, मलाच चालवू द्या म्हणे, मी सगळ्यात फास्ट आहे. खऱ्या ले माँला पण असाच नियम आहे, एकानं कुठल्याही सहा तासांत चार तासांपेक्षा जास्त नाही आणि चोवीस तासांत एकूण चौदा. १९५२ साली ले माँला पिएर लेव्हेग नावाचा फ्रेंच माणूस टाल्बो गाडी एकटा चालवत राहिला, जोडीचा ड्रायव्हर पिटमध्ये तयार उभा पण यानं त्याला गाडी दिलीच नाही, तेविसाव्या तासापर्यंत पहिला होता आणि तिथं इंजिन गेलं. म्हणजे चोवीसमधले तेवीस तास एकट्यानं, आणि हातात शून्य. सोन्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "पण तेविसाव्या तासाला लीडवर होता ना." काय बोलणार.

लॅप टाइम सांगतो. सोन्या ४ मिनिटं १२ सेकंद, ४:११, ४:१२, भिंत. परत ४:११, ४:१३, भिंत, रिपेअरला तीन मिनिटं. अमेय ४:२५ च्या आसपास. काका पहिले तीन लॅप पाच मिनिटांच्या वर, एकदा उलटे पण फिरले, आम्ही एकमेकांकडे बघतोय, आणि मग ४:४१, ४:४०, ४:४१, ४:४१, ४:४०. एक तास. एकदाही गवतात नाही. मालक येऊन मागं उभा राहिला, त्यानं त्याच्या पोऱ्याला पण बोलावलं, हे बघ म्हणून. आणि मी? माझं ४:३८ ते ५:१०, मूड असेल तसं.

हे लॅप टाइमचं गणित समजलं की एन्ड्युरन्स ड्रायव्हरची नोकरी समजते. एफआयए, म्हणजे मोटर रेसिंगची जागतिक संस्था, या लोकांना चार रंगांत बसवते, प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ. वरचे दोन बहुतेक पगारी, म्हणजे कंपनीचे. ब्राँझ म्हणजे बहुतेक हौशी, बऱ्याचदा धंदेवाला माणूस, जो स्वतःच्या खिशातून सीटचे पैसे भरतो, आणि एलएमजीटी३ क्लासमध्ये (ले माँमधला जीटी३ गाड्यांचा गट) प्रत्येक गाडीत एक तरी ब्राँझ असावाच लागतो. म्हणजे प्रोफेशनल पोराचं करिअर त्याच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या शेठच्या हातात, शेठ न ठोकता आला तरच रेस. त्यामुळे ह्या प्रो लोकांचं अर्धं काम शिकवायचं आणि सांभाळून घ्यायचं असतं, आणि चेहरा हसरा ठेवायचा. आमच्या टीमचा ब्राँझ मीच. पैसे मी भरले, बुकिंग माझं, आणि सगळ्यात बेभरवशाचा पण मी.

दुसरी तक्रार भिंतीवरच्या पोस्टरांची. सगळी फॉर्म्युला वनची. टॉम क्रिस्टेन्सन ले माँ ९ वेळा जिंकलाय, १९९७ ते २०१३ मध्ये, एवढ्या वेळा दुसरं कोणी नाही, त्याचा एक फोटो नाही. बरं आपल्या करुण चंढोकचा तरी लावा, २०१२ ला ले माँला रेस केलेला पहिला भारतीय, पहिल्याच खेपेला एकूण सहावा आला. मालक म्हणाला, सर, लोक विचारतात ते लावतो. खरं आहे. ह्या लोकांना रस्त्यात कोणी ओळखत नाही. ब्रेंडन हार्टलीचं बघा, न्यूझीलंडचा, फॉर्म्युला वनच्या रेडबुलनं २०१० मध्ये आपल्या ज्युनियर ड्रायव्हरांमधून काढला, वय वीस. मग तो मर्सिडीजच्या सिम्युलेटरवर बसला, म्हणजे ह्याच असल्या डब्यात, दुसऱ्याची गाडी बरी व्हावी म्हणून लॅप मारत. तिथून एन्ड्युरन्सला गेला, आणि ले माँ तीनदा जिंकला, २०१७, २०२० आणि २०२२. मध्ये एकदा फॉर्म्युला वनवाल्यांनी परत बोलावलं आणि २०१८ संपता संपता परत नारळ दिला. एकदा नारळ मिळालेला माणूस इथं उभा राहतो, म्हणून मला हे लोक आवडतात.

रिगवरून, म्हणजे त्या सीट-स्क्रीनच्या मशीनवरून, उतरायला पायरी नाही, ही तिसरी तक्रार आणि ही गंभीर आहे. प्लॅटफॉर्म दीड-दोन फूट उंच, खाली अंधार, आणि वायरी. काकांचा पाय सटकला, अमेयनं धरलं म्हणून, नाहीतर रविवार हॉस्पिटलमध्ये. हसू नका, नारायण कार्तिकेयन २००९ ला ले माँची ऑडी चालवणार होता, क्वालिफाय झालेलं, आणि रेसच्या आधी पिटच्या भिंतीवरून उतरताना पडला आणि खांदा निखळला. रेस गेली. लाकडाची एक पायरी करायला किती लागतात हो, मालकाला सांगितलंय.

एसी दोन, त्यातला एक चालू. चौथ्या तासाला टीशर्ट पिळता येत होता. बंद टपाच्या खऱ्या गाडीत याच्या कैक पट हाल, वर आग न लागणारा सूट, आतले कपडे, हेल्मेट. हायपरकार, म्हणजे ले माँची सगळ्यात वरच्या क्लासची गाडी, एका टाकीत साधारण पाऊण तास जाते, पण ड्रायव्हर दर टाकीला उतरत नाही, दोन-तीन टाक्या सलग मारतो, रात्री कधी चार. मग पिटच्या मागं खोलीत तास-दोन तास झोप. इथं झोपायला एक सोफा, त्याच्यावर कॉलेजची टीम. मी काकांना विचारलं, बसमध्ये मोकळ्या ड्रायव्हरला झोप लागते का हो? "झोप कसली, पडून राहायचं. दुसऱ्यानं गियर चुकीचा टाकला की आपला पाय हलतो." जालन्याच्या अलीकडं एका ढाब्यावर बदल व्हायचा म्हणे, आणि त्यात एक गोष्ट पाळायचीच, गाडी देताना तिचं सगळं सांगायचं. ब्रेक कुठं धरतोय, कुठला टायर मऊ आहे, आपण कुठं घासली असेल तर ते पण. लपवायचं नाही. "लपवलं तर पहाटे चारला त्याला कळणार, आणि मागं आपणच झोपलोय."

आणि त्यांनी ते केलं पण. पाचव्या तासाला गाडी सोन्याला देताना उतरायच्या आधी म्हणाले, "बाळा, डावीकडं ओढतीये. मी मगाशी त्या पिवळ्या गाडीला घासलो, बोललो नाही तुम्हाला. सरळ रस्त्याला थोडं उजवीकडं धर." सोन्यानं पहिल्यांदा त्या दिवशी कोणाचं तरी ऐकलं. एक लॅपभर. नंतर लीडला आलो, कॉलेजवाल्यांच्या पुढं, आणि शेवटच्या वीस मिनिटांत यानं पोर्शे कर्व्हज नावाच्या वळणांत अशी ठोकली की गाडी पिटपर्यंत पण आली नाही. संपलं.

पोरगं जिन्यात जाऊन बसलं. मी जाऊन यिफेईचं सांगितलं. यिफेई ये, चीनचा पोरगा, २०२१ ला ले माँला शेवटच्या लॅपला क्लासमध्ये पहिला, आणि गाडी बंद पडली. टीममध्ये रॉबर्ट कुबित्सा होता, तोच ज्याचा उजवा हात २०११ च्या रॅली अपघातात जवळजवळ गेलेला. २०२५ ला तेच दोघं, सोबत फिल हॅन्सन, पिवळी ८३ नंबरची फेरारी, आणि अख्खी रेस जिंकले. सोन्या म्हणाला, त्याची गाडी बंद पडली, मी ठोकली. बरोबर आहे त्याचं, मला पुढं काही सुचलं नाही. काका चहा घेऊन आले, त्यांनी फक्त विचारलं, "ओढत होती का अजून डावीकडं?" तो म्हणाला हो. "मग अर्धी माझी," म्हणाले आणि खाली बसले.

बाकी फुटकळ. मध्ये सर्व्हर हँग झाला, सात मिनिटं गेली. त्यावर मालक म्हणतो, सर, जानेवारी २०२३ च्या व्हर्च्युअल ले माँला (सिम्युलेटरवरची ले माँ) फॉर्म्युला वनवाल्या मॅक्स व्हर्स्टॅपेनचं कनेक्शन लीडवर असताना गेलेलं. बहाणा म्हणून भारीच आहे, पण त्यानं सात मिनिटं वाढवून दिली. खायला फक्त फ्राइज आणि कोल्ड कॉफी, बाहेरचं आत नेऊ देत नाहीत, खाली चौकात वडापाव मिळतो तो बदलाच्या मध्ये पळत जाऊन खायचा. वॉशरूम दुसऱ्या मजल्यावर, किल्ली वॉचमनकडं, हे आधी माहीत असू द्या. टू-व्हीलरला जागा आहे, चारचाकी नेलीत तर तुमचं नशीब. बुकिंग फोनवरच करा, मेसेजला उत्तर तीन दिवसांनी येतं. आणि जूनमध्ये ले माँच्या वीकेंडला गर्दी असते, रेस आपल्याकडं शनिवारी संध्याकाळी साडेसातला सुरू होते, तेव्हा सेंटरमध्ये मोठ्या स्क्रीनवर लावतात आणि रात्रभर उघडं ठेवतात.

पुढच्या महिन्यात बारा तासांचं आहे. काकांनी स्वतःचे पैसे भरलेत, सोन्याला सीटच्या खटक्यासाठी डब्ल्यूडी-४० चा स्प्रे आणायला सांगितलंय, आणि उशी दुरुस्तीला टाकलीय, खोळ उसवली होती.